सरकीचं पथ्य

दिवाळी मागं पडली की यवतमाळच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. जिनाकडे कापूस घेऊन जाणाऱ्या गाड्या काट्यांना घासत जातात आणि प्रत्येक काटा आपला वाटा काढून घेतो. आज सकाळी आमच्या घरापुढच्या बाभळीला पहिला पुंजका दिसला. मी दूध घ्यायला बाहेर आले होते. गवळ्यानं माप ओतलं, तो निघूनही गेला, आणि मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. गेली नऊ-दहा वर्षं हे असंच चाललं आहे. कापूस पाहून लोकांना भाव आठवतो, मला एका मांजरीचं पोट आठवतं.

हसायला हरकत नाही. मीसुद्धा ही हकिकत हसतहसत सांगून पाहिली आहे, बहिणीला, शेजारणीला. पण अर्ध्यावर आले की माझा आवाज बिघडतो आणि समोरची बाई ‘अगं, मांजरच ना ते’ असं म्हणून चहा टाकायला उठते. म्हणून हल्ली सांगत नाही. आज लिहून काढते आहे, कारण परवा एक गोष्ट कळली आणि ती कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी नेरकडच्या एका खेड्यात गेले. माझे वडील यवतमाळला कचेरीत कारकून. आमच्याकडे दिवसातून दहा माणसं येत, आणि मला बोलायची भारी सवय. सासरी घरात तीनच माणसं. हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, अजून म्हणते. सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. दोघांनी बरोबरच गळ्यात तुळशीची माळ घातली होती. ते गेल्यावर आत्याबाईंनी ती अधिकच घट्ट धरली. अंडं, मासोळी, मटण ही नावंसुद्धा त्या घरात चुलीजवळ काढायची नाहीत. माझ्या माहेरी रविवारी मसाला वाटला जाई. लग्नाच्या दिवशी आईनं कानात सांगितलं होतं, ‘आता हे विसर.’ मी विसरले. ते काही जड गेलं नाही. जड गेलं ते दिवसभर कुणी बोलायला नसणं. हे पहाटे वावरात जात ते दिवेलागणीला येत, आणि आत्याबाई कामापुरतंच बोलत.

आषाढात गोठ्यात एका मांजरीनं पिलं घातली. महिन्याभरानं ती एकेक पिलू तोंडात धरून दुसरीकडे घेऊन गेली आणि एक विसरली. राखाडी अंग आणि वर पांढरी विरळ लव. कापूस ओढून काढल्यावर उरलेल्या बीसारखं ते दिसे, म्हणून मी तिचं नाव सरकी ठेवलं. ती माझ्या पायात पायात करी. मी भाकरी थापताना तिला यवतमाळच्या गोष्टी सांगे. आत्याबाई एकदा दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘अवं, तिले काय समजते?’ मी म्हटलं, ‘समजत नाही, पण ऐकते.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सरकीसाठी एक काशाची वाटी काढून दिली आणि तिच्यात दूध ओतलं.

आणि तिथूनच सगळं सुरू झालं. मांजर म्हणजे दूध, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सरकी दूध लपालपा प्यायची आणि घटकाभरानं कोपऱ्यात जाऊन पाठ वाकडी करून सगळं ओकायची. जे ओकत नसे ते पातळ होऊन खालून जाई. आम्ही म्हटलं, दूध घट्ट असेल. मग पाणी घालून दिलं. मग तापवून, मग निववून, मग भाकरी कुस्करून. आत्याबाईंनी सुंठ उगाळली. मी ओव्याचं पाणी केलं. सरकीनं त्या वाटीकडे असं पाहिलं की मलाच शरम वाटली. तिच्या पाठीचे मणके मोजता येऊ लागले. लव चिकट झाली. मांडीवर घेतलं तर पोटात गुरगुर ऐकू येई आणि ती गुरगुर समाधानाची नसे.

उंदीर खाऊन तरी तिनं तब्येत सुधारावी, पण तिथंही आमचा कायदा आडवा आला. आमच्या घरात मांजरीनं उंदीर मारावा, पण खाऊ नये. मारणं ही तिची कामगिरी, त्याबद्दल तिचं कौतुकही होई. पण मेलेला उंदीर दिसला की आत्याबाई चिमट्यानं तो उचलत, गोठ्यापलीकडे लांब फेकत आणि जागा शेणानं सारवत. ‘आपल्या घरात हे चालत नाही बाप्पा,’ असं त्या सरकीला समजावून सांगत आणि वर दुधाची वाटी भरून ठेवत. तिच्या तोंडातला घास काढून घेऊन तिला विष द्यायचं, हे आम्ही दोघी रोज करत होतो आणि त्याला माया म्हणत होतो. पुढं अशक्तपणानं तिची शिकारही सुटली.

कापूस फुटला. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे सीतादही करतात. ज्या घरचा कापूस त्या घरच्या सवाष्णीनं दहीभात घेऊन वावरात जायचं, पहिल्या फुटलेल्या झाडाची हळदकुंकू वाहून पूजा करायची, दहीभात चारी दिशांना शिंपडायचा, आणि मग वेचणीला हात घालायचा. कापूस त्या दह्यासारखा पांढराशुभ्र फुटत राहावा म्हणून. आत्याबाईंना आता ते करता येत नव्हतं. त्या वर्षी मान माझा. त्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या राहिल्या, तिथूनच मला सांगत होत्या, ‘उगवतीकडं फेक. आता मावळतीकडं. हात आखडू नोको, मोकळा सोड.’ पहाटेचं दव बोंडांवर होतं आणि माझी बोटं गार पडली होती. परत येताना उरलेला प्रसाद केळीच्या पानात बांधला. घरी आल्यावर आत्याबाईंनी पहिला घास सरकीपुढं ठेवला.

‘आत्याबाई, तिचं पोट बरं नाही,’ मी म्हटलं.

‘दहीभातानंच त बरं होते पोट. अन् परसादाले नाही म्हणते का कोणी?’

खरंच, पोट बिघडलं की आपल्याला दहीभातच देतात. मीही मग दोन घास जास्तच चारले. सरकीनं खाल्लं. प्रसाद तिला कळला नव्हता, पण भूक कळत होती.

त्या संध्याकाळी ती दिसेना. समोरच्या खोलीत वेचून आणलेल्या कापसाची पहिली गंजी लागली होती. विकायला नेईपर्यंत कापूस घरातच असतो, माणसं कडेकडेनं वावरतात. ती गंजीच्या मागं होती. मांजर जशी वाळूत करते आणि उकरून झाकते तसं तिनं कापसात केलं होतं. पांढऱ्या कापसात पिवळा, ओला, घाण डाग, आणि त्यावर तिनं नीट, शहाण्यासारखा कापूस ओढला होता. आपण घरातली शिस्त पाळली असंच तिला वाटत असणार. बाजूला ती डोळे मिटून बसली होती.

ह्यांनी ते पाहिलं. हा माणूस कधी ओरडत नसे. त्या दिवशीही ओरडले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. डागाळलेला कापूस त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बाहेर टाकला. एका डागानं बाजारात अख्खी गाडी मागं सारतात, हे मलाही ठाऊक होतं.

‘हे पाह्य,’ ते म्हणाले, ‘मी काही राक्षस नाही. पण घरात कापूस हाय. हा वेचा संपेपर्यंत वाट पाहतो. नाही सुधरली त पोत्यात घालून नदीपल्याड सोडून येतो.’

‘नदीपल्याड कुत्रे आहेत.’

‘मंग तू सुधरव.’

आत्याबाई चुलीपाशी बसून होत्या. त्यांनी तोंडानं ‘शिव शिव’ म्हटलं, पण मुलाला अडवलं नाही. एक वेचा म्हणजे पंधरा-वीस दिवस. तेवढ्यात एका मांजरीचं पोट दुरुस्त करायचं आणि कशानं ते गावात कुणालाच माहीत नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही.

नेरला गाडी जाणार होती. मी हट्टानं बरोबर गेले. मांडीवर टोपली, टोपलीवर फडकं, आत सरकी. रस्ताभर ती एकाच सुरात ओरडत होती. गाडीवानानं दोनदा मागं वळून पाहिलं. गुरांच्या डॉक्टरांपुढं टोपली उघडली तेव्हा रांगेतल्या बैलवाल्यांना करमणूक झाली. डॉक्टर मात्र भला माणूस. त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली.

‘बाई, मी बैलाचं सांगीन, म्हशीचं सांगीन. मांजर माझ्याकडं आजवर कोणी आणलंच नाही. खोटं औषध देऊ का?’

‘नका देऊ. पण काहीतरी सांगा.’

त्यांनी टोपलीवर फडकं परत घातलं. मग म्हणाले, ‘हलकं द्या.’

हलकं! त्या एका शब्दानं माझा किती छळ केला आहे. हलकं म्हणजे काय? माणसाला हलकं म्हणजे मुगाचं पाणी, कण्या, ताकभात. म्हशीला हलकं म्हणजे हिरवा चारा असेल. पण ज्याचा देहच मांस फाडून खायला केलेला आहे, त्याला हलकं काय? तेव्हा मला हा प्रश्न असा नेमका विचारताही येत नव्हता. मी घरी येऊन तुरीचं वरण पातळ केलं. ज्वारीच्या कण्या शिजवल्या. बेलफळाचा गर चाटवला. डाळिंबाची साल उकळली, तिनं माझा हात ओरबाडला. रोज एक नवी वाटी, आणि रोज तोच वाकलेला पाठीचा कणा. एका दुपारी मी तिला पदरात घेऊन रडले, आणि रडताना मला जाणवलं की ती माझ्या डोळ्यांतलं पाणी चाटते आहे. मिठासाठी चाटत असेल. पण भुकेनं चाटत होती, हे नक्की. त्या वेळी मी देवाला म्हटलं, एक तर वाचव नाही तर आजच ने, हे असं थोडं थोडं नको.

वेचणीला तांड्यावरच्या बाया येत. नाल्यापलीकडे दीड-दोन मैलांवर त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा. तिथली सोमलीबाई आमच्याकडं दरवर्षी येई. तिची स्वतःची पाच एकर जमीन होती, तिचं वेचून झालं की ती आमचं वेची. दंडात हस्तिदंती चुडे, बोलणं तोडून. वेचताना माझी बोटं बोंडाच्या टोकांनी फाटत होती आणि माझं लक्षही नव्हतं. तिनं पाहिलं.

‘काहून वं बाई, रक्त लावून राह्यली कापसाले? घरी मांजर अन् इथं तू. तुमी दोघी मिळून त्या माणसाचा कापूस बुडवता का?’

म्हणजे तांड्यापर्यंत बातमी गेली होती. मी तिला सगळं सांगितलं. दूध, पाण्याचं दूध, दही, ताक, वरण, बेलफळ. ती हात न थांबवता ऐकत होती. दह्यापाशी आले तेव्हा ती थांबली.

‘दूध कोणाचं?’

‘गाईचं.’

‘मंग ते गाईच्या वासराले दे. तिले कायले देते? आमच्या याडीनं, मायनं, सहा मांजरी पोसल्या. दुधाचा थेंब नाही देला. लहानपणी आईचं पेली तेवढं बस.’ मग माझ्या गळ्याकडं पाहून, तिथं माळ नाही हे बघून, ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘तिले मासोळी लागते. तुले चालन का?’

मला काय चालणार आणि काय नाही, हे त्या घरात मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘चालेल.’

दुसऱ्या दिवशी तिनं पळसाच्या पानात बोटाएवढ्या मासोळ्या बांधून आणल्या. पावसाळा सरला की नाल्याच्या डबक्यांत त्या अडकून राहतात. धुऱ्यावर तीन दगड मांडून तिनं एका डब्यात पाणी उकळलं. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही. ‘आजचा दिवस उपाशी ठेव तिले,’ तिनं बजावलं, ‘नुसतं पाणी. उद्या एवढं,’ आणि तिनं अंगठ्याचं नख दाखवलं. ‘ओकली नाही त सांजेले पुन्हा एवढं. परवा दुप्पट. काटा एक राह्यला नाही पाह्यजे. अन् मधात कोणी काही देलं ना, त माया नावानं बोंबलू नोको.’

मी शिजलेली मासोळी बोटांनी चुरडून एकेक काटा काढला. फाटलेल्या बोटांना ते झोंबलं. तो डबा कापसाच्या गाठोड्यात खुपसून घरी आणला, सरकीला दिवसभर पाण्यावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं तिला नखाएवढा घास दिला. तिनं खाल्ला. मी शेणाच्या ढिगाऱ्यापाशी उकिडवी बसून तिच्या पाठीकडं पाहत राहिले. पाठ वाकेल, आता वाकेल. वाकली नाही. तिनं पंजा चाटला आणि तोंड पुसलं.

चौथ्या दिवशी तिची शी घट्ट झाली. आयुष्यात कुणाचं असं काही पाहून मला इतका आनंद झालेला नाही, पुढं माझी स्वतःची मुलं झाली तरी नाही. आठवड्यात तिनं गंजीच्या टोकावर उडी मारली. पंधरवड्यात लव चमकायला लागली. ह्यांनी तिला पाहून ‘बचावली वाटते’ एवढंच म्हटलं आणि त्या पोत्याचा विषय निघाला नाही.

आत्याबाईंनी मात्र निकाल जाहीर केला. सीतामायच्या दह्यानं गुण आला. पहिल्यांदा पोट झाडून काढलं आणि मग बरं केलं, असं त्या विहिरीवर बायांना सांगत. रोज सकाळी त्या सरकीसाठी वाटीभर दही माझ्या हातात देत, मी ते गोठ्यामागं नेऊन सांडत असे आणि रिकामी वाटी आणून दाखवत असे. ‘खाल्लं का?’ ‘खाल्लं.’ रोज हे एवढंच. खोटं बोलायला मला लाज वाटत नव्हती, उलट मी स्वतःला हुशार समजत होते. माळेला धक्का नाही, मांजरीला धक्का नाही, नवऱ्याच्या कापसाला धक्का नाही. सगळ्यांचं सगळं राखलं, असं मला वाटे.

मग माहेरचं पत्र आलं. वडिलांना झटका आला होता, लगेच निघ. हे एस.टी.ची वेळ पाहायला गेले. मी ट्रंकेत दोन लुगडी कोंबली. सोमलीबाईचा त्या दिवशी वेचणीचा खाडा होता, आणि तांड्यावर निरोप धाडायचा तर कुणाबरोबर, आणि काय म्हणून? सरकी ट्रंकेवर बसली होती. मी तिला खाली उतरवलं आणि दारात आत्याबाईंना म्हटलं, ‘मी दोन दिवसांत येते. तिले फक्त भाताचा मऊ गोळा द्या. दूध नका देऊ. दही पण नको.’

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ‘अवं, दह्यानंच त बरी झाली ते.’

आता सांगायचं. एकच वाक्य होतं. त्या कितीही संतापल्या असत्या तरी दोन दिवसांत मी परत येऊन पाया पडले असते. मी तोंड उघडलं. बाहेरून ह्यांनी हाक मारली. मी म्हटलं, ‘हो. पण थोडंच द्या,’ आणि पायरी उतरले.

दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. वडील वाचले, उजवा हात गेला. त्यांना चमच्यानं पेज भरवताना मी ती गार करून, गाळून, ओठाला लावून पाहत असे, आणि दर चमच्याला मला सरकी आठवे. बहीण म्हणाली, ‘तुला एवढं नीट कुठं शिकवलं?’ मी पुढचा चमचा भरला. रोज वाटे, आज पत्र टाकावं. पण पत्र आमचे हे वाचणार, आत्याबाईंना वाचून दाखवणार. मासोळी हा शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून उच्चारला जाईल या भीतीनं मी नऊ दिवस कार्ड कोरं ठेवलं. भात तरी देतील, असं मी स्वतःला समजावत होते.

दहाव्या दिवशी घरी आले तेव्हा ओसरी सारवलेली होती. आत्याबाई उठून पाणी घेऊन आल्या. सुनेसाठी सासूनं पाणी आणणं त्या घरात होत नसे, त्यावरूनच मला समजलं.

‘काल गेली,’ त्या म्हणाल्या. ‘धुऱ्यावर पुरली म्या. माया हातानं. काही उणं नाही पडू देलं तिले, रोज वाटीभर दही देलं.’

मी पाणी प्यायले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. ह्या बाईनं मायेनं मारलं, आणि मी तिला मारू दिलं. मी खरं बोलले असते तर सरकी जगली असती, हे जितकं खरं होतं तितकंच हेही खरं की आता बोलून त्यांना फक्त दुखवायचं. म्हणून मी गप्प बसले. त्या वेळी मला त्यात मोठेपणा वाटला असावा. सोमलीबाईला सांगितलं तेव्हा ती खाली वाकून वेचत राहिली.

पुढं मुलांच्या शाळेसाठी आम्ही यवतमाळला बिऱ्हाड केलं. वावर बटाईनं दिलं. आत्याबाई आमच्याबरोबर आल्या. दर वर्षी हा मोसम आला की त्या कुणाला ना कुणाला सीतादह्यानं मांजर बरी झाल्याची गोष्ट सांगत, आणि पुढचं सांगत नसत. मी भांडी आदळत आत निघून जाई. आमच्या मुलांनी मांजर पाळायचा हट्ट धरला तेव्हा मीच नाही म्हटलं. का नाही, ते कुणाला सांगितलं नाही. दुधाची वाटी जमिनीवर ठेवलेली मला आजही पाहवत नाही.

परवा दुपारी आत्याबाई ओट्यावर बसून वाती वळत होत्या. गावाहून थोडा नवा कापूस आला होता, त्यातून सरकी काढून टाकत होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही, बोटांनीच काम चालतं. माझी धाकटी मुलगी त्यांना विचारत होती, ‘आजी, मांजराची गोष्ट सांग ना.’ त्यांनी सुरुवात केली. दहीभात, उगवती, मावळती. मला काय झालं कोण जाणे. वडील गेल्याला महिना झाला होता, त्यामुळंही असेल. मी धाकटीला आत पाठवलं आणि आत्याबाईंसमोर बसले.

‘आत्याबाई, ते दह्यानं बरी नव्हती झाली. मी तिले मासोळी चारत होती. सोमलीबाई आणून देत होती. मी तुमच्याशी रोज खोटं बोलली.’

त्यांची बोटं थांबली नाहीत. वात पुरी झाली, ती त्यांनी ताटात ठेवली.

‘माईत हाय,’ त्या म्हणाल्या.

‘कधीपासून?’

‘पह्यल्या दिवसापासून. मले का नाक नाही?’

‘मंग बोलल्या काहून नाही?’

‘बोलली असती त बंद करा लागलं असतं. मले माईत हाय असं तोंडानं म्हटलं, का मंग हे माळ कायले घालाची? म्हून मी दही दही करत राह्यली. तुयं चालू राहो म्हटलं.’ त्यांनी कापसाचा नवा पुंजका घेतला. ‘तू निंगाली त्या दिवशी म्हटलं ना म्या, दह्यानंच बरी झाली ते? म्हटलं, आता तरी बोलशील. आत्याबाई, सोमलीले सांगा म्हणशील. तू म्हटलं असतं त ते तुयं सांगनं झालं असतं. म्या निरोप धाडला असता.’

रस्त्यानं कापसाची गाडी गेली.

‘भात खाये नाही ते,’ त्या पुढं म्हणाल्या. ‘दोन दिवस उपाशी राह्यली. माया मांगं मांगं फिरे. तिसऱ्या दिवशी निंगाली मी तांड्याकडं. नाल्यापर्यंत गेली. तेथं बसली. म्हटलं, जाऊन काय मागू? कोणत्या तोंडानं मागू? अन् वापस आली. घरात दही होतं. दही देलं.’

त्यांचा आवाज कापत नव्हता. दहा वर्षं त्यांनी तो असाच घट्ट धरून ठेवला असणार.

‘नाल्याले पाणी लय होतं का हो?’ मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत नाही. काहीतरी कारण हवं होतं, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

‘नाही वं,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘घोट्याएवढंच होतं.’